पाटीवर नसलेले गाव

परदेशातील एका संग्रहालयात बोटभर उंचीच्या काचेच्या कुपीपुढे मी बराच वेळ थबकलो होतो. कुपीच्या अंगावर मोरपिसाचे रंग, खाली पाटी : ‘अश्रुकुपी. पूर्व भूमध्यसागरी प्रदेश, इ. स. पहिले-दुसरे शतक.’ शेवटी देणगीदाराचे नाव. या मांडणीतून पाहणाऱ्याचे तीन गैरसमज होतात, असे माझे मत आहे.

पहिला गैरसमज आसवांचा. शोक करणारे आपली आसवे अशा कुप्यांत भरून मृताजवळ ठेवीत, ही कथा हृद्य आहे. पण खरी नाही. या कुप्या सुगंधी तेलांसाठी आणि लेपांसाठी असत. थडग्यांत त्या पुष्कळ सापडल्या आणि कथा रुजली.

दुसरा रंगांचा. ही झळाळी कारागिराने दिलेली नाही. शतकानुशतके ओलसर मातीत राहून काचेतले क्षार निघून गेले, पृष्ठभागाचे पातळ पापुद्रे झाले आणि त्यांवर प्रकाशाचे रंग उमटू लागले. म्हणजे आपण दाद देतो ती झिजेला!

कारागिराची खरी करामत वेगळीच होती. पूर्वी काचेचे भांडे मातीच्या गाभ्याभोवती किंवा साच्यात सावकाश घडवीत. इ. स. पूर्व पहिल्या शतकात सिरिया-पॅलेस्टाईनच्या परिसरात वितळलेल्या काचेत फुंकर मारून ती फुगवण्याची युक्ती निघाली आणि काम झपाट्याने होऊ लागले. रोममध्ये काचेचा पेला तांब्याच्या एका नाण्याला मिळतो, अशी नोंद भूगोलकार स्ट्रॅबोने केली आहे. श्रीमंतांची वस्तू सामान्यांच्या हाती आली, हे या कलेचे मोठेपण. ते मात्र पाटीवर कुठेच नाही.

तिसरा गैरसमज सर्वांत गंभीर. ‘पूर्व भूमध्यसागरी प्रदेश’ हा पत्ता वाटतो. प्रत्यक्षात ती पत्ता हरवल्याची कबुली असते. अखंड भांडी टिकतात ती बहुधा थडग्यांत. संग्राहकांची मागणी पुरवण्यासाठी अशी कितीतरी थडगी चोरून उकरली गेली. कुपी कुणाच्या उशाशी होती, सोबत काय होते, हे तिथेच पुसले गेले.

याच्या उलट उदाहरण जेरुसलेमचे. तिथे ज्यू वस्तीच्या भागात नाहमान अविगाद यांनी 1970च्या दशकात केलेल्या उत्खननात एका जुन्या स्नानकुंडातल्या भरावात काचकामाचा कचरा सापडला : मोडक्या नळ्या, ओघळ, अर्धवट फुगवलेले तुकडे. कुठल्याही संग्राहकाने तो विकत घेतला नसता. पण जागा आणि थर ठाऊक असल्यामुळे तो बोलतो. सुरुवातीचे कारागीर फुंकणीऐवजी काचेच्याच नळीचे एक टोक मिटवून दुसऱ्या टोकाने फुंकत, हे त्यावरून कळले. आपल्या देखण्या कुपीला एवढेही सांगता येत नाही.

पहिल्या शतकातला एनियन हा कारागीर साच्यात फुंकलेल्या भांड्यांवर ग्रीक लिपीत आपले नाव उमटवी. काही पेल्यांवर ‘विकत घेणाऱ्याचे स्मरण राहो’ अशा अर्थाचे शब्दही आहेत. त्याची इच्छा विपरीत रीतीने पुरी झाली आहे. घेणाऱ्याचे नाव पाटीवर राहिले. फुंकणाऱ्याचे आणि ज्या गावच्या मातीतून कुपी निघाली त्या गावाचे गेले.