‘स्नायपिंग इन फ्रान्स’ : एका युद्धग्रंथाचें प्रामाण्य

हेस्केथ-प्रिचर्ड यांचा ‘स्नायपिंग इन फ्रान्स’ हा ग्रंथ १९२० सालीं प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधील खंदकांतून दुर्बीण लावलेल्या रायफलींनीं जें टिपून मारण्याचें युद्ध चाललें, त्याचा इतिहास लिहितांना या ग्रंथाचा आधार वारंवार घेतला जातो. जुन्या शस्त्रांचे संग्राहकही तो प्रमाणग्रंथ मानतात. असा मान मिळालेल्या ग्रंथाची साक्ष एकदां नीट तपासून घेणें अवश्य असतें. बखर हातीं आली कीं आपण विचारतों, लेखकानें स्वतः पाहिलें तें कोणतें, तर्कानें जाणलें तें कोणतें, आणि ऐकून लिहिलें तें कोणतें. प्रत्यक्ष, अनुमान व शब्द या तीन प्रमाणांची हीच कसोटी आम्ही या ग्रंथास लावणार आहों.

प्रथम ग्रंथकर्त्याविषयीं. त्याचा जन्म १८७६ सालीं आपल्या झांशीस झाला. तो नांवाजलेला शिकारी, हँपशायरकडून खेळणारा क्रिकेटपटू आणि कथालेखक होता. १९१५ सालीं तो फ्रान्समध्यें गेला तो वृत्तपत्रांच्या बातमीदारांची व्यवस्था पाहणारा अधिकारी म्हणून. जातांना त्यानें आपल्या शिकारी रायफली बरोबर नेल्या. पुढें १९१६ सालीं लिंगेम येथें इंग्रजांच्या पहिल्या सैन्याची नेमबाजी, टेहळणी व हेरगिरी शिकविणारी शाळा त्यानें काढली. १९२२ सालीं तो वारला. म्हणजे साक्षीदार जाणता आहे. परंतु तो शाळेचा संस्थापकही आहे, आणि संस्थापकास आपल्या कार्याचा अभिमान असतो, हें विसरतां येत नाहीं.

प्रत्यक्षाच्या सदरांत या ग्रंथाची योग्यता फार मोठी आहे. पलटणी-पलटणींतून हिंडून ग्रंथकर्त्यानें दुर्बिणी लावलेल्या रायफली तपासल्या, आणि त्यांतील बहुतेकींचा नेम चुकलेला त्यास आढळला. दोष कांचेचा नव्हता. दुर्बीण रायफलीस ज्या आधारांनीं जखडलेली असते ते ढिले झाले होते, आणि ज्यांच्या हातीं हें यंत्र दिलें त्यांस तें जुळवावें कसें हें कोणी शिकविलेंच नव्हतें. हें म्हणणें गणितानेंही पटतें. दोन आधारांमधील अंतर पांच इंच धरलें आणि त्यांपैकीं एक आधार इंचाचा शंभरावा भाग बाजूस सरकला, तर दोनशें यार्डांवर गोळी चौदा इंच बाजूस जाते. साधी माशी आणि मागील खाच नळीस पक्की बसविलेली असल्यानें तेथें हा धोका कमी. म्हणजे बिघडलेली दुर्बीण ही साध्या माशीहून घातक, कारण ती शिपायाच्या ठिकाणीं खोटा विश्वास उत्पन्न करते.

याच सदरांत ग्रंथकर्त्याची दुसरी तक्रार येते. इंग्रजी सरकारी नमुन्यांत दुर्बीण नळीच्या वर न बसवितां डाव्या बाजूस बसविली होती. वरून काडतुसांची पट्टी भरण्यास वाट मोकळी राहावी, हा त्यांतील हेतु. आपल्या किल्ल्यांच्या तटांतील जंग्या ज्यांनीं पाहिल्या आहेत त्यांस या योजनेचें व्यंग तत्काळ कळेल. खंदकावरील पोलादी पत्र्यांतही अशीच अरुंद जंगी पाडलेली असे. नळीचें तोंड जंगींत घातलें कीं बाजूच्या दुर्बिणीपुढें पत्राच येई. शिवाय दृष्टिरेषा आणि नळीची रेषा एकाच अंतरावर एकमेकींस छेदतात. त्याच्या अलीकडे वा पलीकडे आडवी चूक राहतेच. टिपून मारणाऱ्यास भराभर काडतुसें भरण्याची गरज क्वचितच पडते, तेव्हां लाभ थोडा आणि हानि पुष्कळ. युद्ध संपत आलें असतां १९१८ सालीं इंग्रजांनीं १९१४ च्या नमुन्याच्या रायफलीवर दुर्बीण नळीच्या वर बसविण्याचें ठरविलें, यावरून ही तक्रार रास्त होती असें म्हणावें लागतें.

अनुमानाचें उदाहरण तर न्यायशास्त्राच्या पाठांत घालण्याजोगें आहे. कागदाच्या लगद्याचें माणसाचें डोकें करून तें खांचेंत सरकणाऱ्या काठीवर खंदकावर दाखवावयाचें. शत्रूची गोळी त्यांतून आरपार गेली कीं आंत शिरण्याचें भोंक व बाहेर पडण्याचें भोंक यांच्या सरळ रेषेंत पेरिस्कोप धरून पाहावयाचें. त्या रेषेच्या टोकास मारणारा असलाच पाहिजे. दोन भोंकें हें लिंग, आणि शत्रूचें स्थान हें साध्य. येथें शत्रूची दुर्बीण कितीही उत्तम असली तरी ती त्याच्याच विरुद्ध साक्ष देते.

शब्दप्रमाणाच्या बाबतींत मात्र सावध राहिलें पाहिजे. राटिबोरच्या ड्यूकनें जर्मनींतील शिकारी रायफली दुर्बिणींसह गोळा करून आघाडीवर धाडल्या, आणि जर्मनांपाशीं आरंभापासूनच अशा शस्त्रांची रेलचेल होती, हें ग्रंथकर्ता खंदकाच्या अलीकडून सांगतो. त्याचे आंकडे म्हणूनच तसेच उचलूं नयेत. मात्र मूळ गोष्टीस वस्तूंची साक्ष आहे. त्या काळच्या कांहीं जर्मन शिकारी रायफलींच्या दस्त्यावर, १८८८ चेंच काडतूस वापरावें, नवें टोकदार गोळीचें काडतूस वापरूं नये, अशी सूचना देणारी धातूची पट्टी आढळते. नवी गोळी किंचित् जाड असल्यानें जुन्या शिकारी नळीस ती धोक्याची होती. घरगुती शस्त्रें लष्करी कामास लावलीं गेलीं, याचा एवढा सरळ पुरावा कागदांतही क्वचित् मिळतो.

पूर्वेतिहासाची अपेक्षा या ग्रंथाकडून करतां येत नाहीं. तरी वाचकांस एक गोष्ट सांगितली पाहिजे. दुर्बीण डावीकडे बसविण्याची कल्पना १९१५ ची नव्हे. अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत दक्षिणेकडील नेमबाजांनीं व्हिटवर्थ रायफलीच्या डाव्या बाजूस जी दुर्बीण लावली, ती डेव्हिडसन नांवाच्या अधिकाऱ्यानें योजिलेली होती. आणि हा डेव्हिडसन मूळचा ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेंतला. आपल्या इलाख्यांतील फौजेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांनीं हा धागा पुढें न्यावा.

आतां संग्राहकांस दोन शब्द. वरील विवेचनाचा सारांश असा कीं, या शस्त्राचा प्राण कांचेंत नाहीं. तो दुर्बीण आणि नळी यांच्या जुळणींत आहे. म्हणूनच लष्करी कारखान्यांतून एकेक दुर्बीण एकेका विशिष्ट रायफलीस जुळवून देत. दुसऱ्या महायुद्धांतील चौथ्या नमुन्याच्या ली-एन्फील्ड रायफलींत तर दुर्बिणीचा अनुक्रमांक दस्त्यावर आणि रायफलीचा अनुक्रमांक आधारावर ठोकलेला असे. जो व्यापारी दुर्बीण वेगळी व रायफल वेगळी विकतो, किंवा भलतीच दुर्बीण भलत्याच रायफलीवर चढवून जोडी पुरी करतो, तो एका पोथीची पुष्पिका फाडून दुसऱ्या पोथीस डकवितो. अशा पोथीचें मोल बाजारांत वाढेल. पण शोधकाच्या लेखीं त्या दोन्ही पोथ्या बुडाल्या. वस्तु विकत घेण्यापूर्वीं हे आंकडे ताडून पाहावे, आणि जुळत नसतील तर नोंदींत तसें स्पष्ट लिहावें.

ग्रंथाविषयीं आमचा अभिप्राय थोडक्यांत असा : स्वतः पाहिलेल्या गोष्टींत ग्रंथकर्त्यावर निःशंक विश्वास ठेवावा, त्याचीं अनुमानें प्रयोगानें सिद्ध झालेलीं समजावीं, आणि शत्रुपक्षाविषयींचें त्याचें कथन दुसरा पुरावा मिळेपर्यंत टांचणाच्या वहींत ठेवावें. एवढा विवेक बाळगला तर हा ग्रंथ संग्रहीं असण्यास सर्वथा योग्य आहे.