'राजी'चे त्रिशूळ आणि युलिसिसचे दोन शब्द

घरगुती संगणकावर पुराणकथा खेळण्याची परंपरा जुनी आहे. १९८१ साली ॲपल टू संगणकासाठी आलेल्या 'युलिसिस अँड द गोल्डन फ्लीस' या साहसखेळात खेळाडू क्रियापद व नाम अशी दोन शब्दांची आज्ञा टंकित करीत असे. सोनेरी लोकरीची कथा मुळात जेसनची. ती युलिसिसच्या गळ्यात घातली गेली. परंतु हा दोष गौण होय, कारण पुराणेही अशी सरमिसळ करीतच आली आहेत. खरी हानी निराळी. होमरचा हा नायक वाक्चातुर्यावर तरतो आणि येथे त्याला दोनच शब्द लाभतात!

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा 'राजी : ॲन एन्शंट एपिक' (२०२०) या पार्श्वभूमीवर तपासण्याजोगा ठरतो. देवीमाहात्म्यात देव आपली शस्त्रे देवीला देतात. येथे दुर्गेचे त्रिशूळ भावाच्या शोधात निघालेल्या मर्त्य मुलीच्या हाती येते. हा बदल धाडसी व अर्थपूर्ण आहे. मात्र दुर्गा आणि विष्णू निवेदक होऊन तिच्या प्रवासावर भाष्य करीत राहतात. परिणामी कथेचा बराचसा अर्थ देवांच्याच तोंडून कळतो. युलिसिसच्या खेळाडूला, दोन शब्दांपुरते का होईना, स्वतः बोलावे लागे. राजीच्या खेळाडूला ती संधी नाही.