दत्तक कोण कोणाला घेणार?

भोर समितीचा १९४६ चा अहवाल मी वाङ्मयाच्या शिक्षकाच्या नजरेने वाचला. उद्याचा डॉक्टर 'सामाजिक' हवा, असे तो सांगतो. पण हा डॉक्टर कोणत्या समाजातून यायचा, हा माझा प्रश्न आहे. त्या वेळच्या ४७,५२४ नोंदणीकृत डॉक्टरांपैकी २९,८७० लायसेन्शिएट होते. कमी मुदतीचा, कमी खर्चाचा अभ्यासक्रम केलेले. समितीच्या बहुमताने हा वर्गच मोडीत काढायला सांगितले. सहा सदस्यांनी भिन्नमत नोंदवले. गरिबाला दुय्यम डॉक्टर का, हा प्रश्न खराच. तो मीही विचारीन. परंतु दर्जाच्या नावाने दार अरुंद झाले, आणि पदवीधर बहुशः शहरातच बसला.

पुढे शब्द बदलला, दृष्टी नाही. २०२२ पासून वैद्यकीय विद्यार्थ्याने खेड्यातली कुटुंबे 'दत्तक' घ्यायची आहेत. दत्तक! शिकायला आलेला पोर बाप, आणि त्याला शिकवणारी वस्ती लेकरू? घरोघर जाण्याला माझा विरोध नाही. कुटुंबाचा डॉक्टर तिथेच घडेल. पण वस्तीतली मुलगी त्या वर्गात पोचावी म्हणून तिची फी, तिचे वसतिगृह आणि वेळेवर शिष्यवृत्ती, यांविषयी आधी बोला.