संशयाचा खडा : संत इग्नेशियसांच्या आत्मकथनाचे पुनर्वाचन

संत इग्नेशियस लोयोला यांनी १५५३ ते १५५५ या काळात लुईस गोन्साल्व्हिस द कामारा यांना सांगितलेले आत्मकथन आपणांस परिचित आहे. त्यातील १५२२ सालचा मान्रेसा येथील प्रसंग बहुधा मोह आणि कृपा यांचा दृष्टान्त म्हणून वाचला जातो. हे वाचन खोटे नव्हे. परंतु आम्हांस ते अपुरे वाटते.

मूळ कथन काय सांगते? सर्व पापांचे निवेदन करूनही काही राहून गेले असावे, ही शंका इग्नेशियसांना सोडीना. लॅटिन भाषेत अशा शंकेला टोचणाऱ्या बारीक खड्याचे नाव आहे. एका विद्वान धर्मगुरूने सारे लिहून काढावयास सांगितले. त्यांनी लिहिले, निवेदन केले. शंका अधिकच बारीक होऊन परतली. मग आज्ञा झाली की, गतायुष्यातील अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगावे. परंतु त्यांना सारेच स्पष्ट दिसत होते! आठवडाभराच्या उपवासानेही खडा निघाला नाही. जीव देण्याचा विचार वारंवार मनात येई. अखेरीस गतकाळातील काहीही पुन्हा निवेदन करावयाचे नाही, असा निश्चय त्यांनी केला आणि ते मुक्त झाले.

या कथनाचे मर्म येथेच आहे. जो उपाय म्हणून दिला गेला, तोच विकाराचे खाद्य ठरला. मराठीत ज्यास मंत्रचळ म्हणतात त्याची रीत हीच : शंका येते, कृतीने क्षणभर समाधान मिळते आणि त्या समाधानानेच शंका बळावते. १९६६ साली व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये, रुग्णास भीतीसमोर नेऊन ती कृती रोखण्याचा उपचार मांडला. आज हाच प्रमुख मानसोपचार आहे; जोडीला औषधेही आहेत, मात्र त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात.

तथापि संतचरित्र म्हणजे औषधयोजना नव्हे. इग्नेशियसांनी स्वतः आपली सुटका प्रभूच्या दयेची मानली. त्यांचे उदाहरण देऊन पीडितास ‘तूही निश्चय कर’ असे बजावणे निष्ठुरपणाचे होय.

पेडणे किंवा डिचोलीतील लहानशा धर्मग्रामात एकच पाप दर आठवड्यास सांगणारा मनुष्य सत्शील म्हणून गौरवला जातो. शेजारच्या घरी वारंवार हात धुणे सोवळ्यात खपून जाते. दोन्हीकडे दुःख झाकलेलेच राहते. अशा वेळी धर्मगुरूने पुनःपुन्हा आश्वासन देणे ही दया नव्हे. त्या मनुष्याने एकाच धर्मगुरूकडे यावे. झालेले पापनिवेदन पुन्हा उकरू नये. आणि धर्मशिक्षकाने त्याला बांबोळीच्या मनोविकार व मानवी वर्तन संस्थेपर्यंत सोबत करावी. जीव देण्याचा विचार कानी आल्यास तर एक दिवसही दवडू नये.

क्षमा एकदाच पुरेशी असते, हा आपल्या श्रद्धेचा गाभा आहे. मंत्रचळाने ग्रासलेल्यास ती पुन्हा मागू न देणे, हेच त्या श्रद्धेचे पालन होय.