आकड्यांत न मावलेली वेठ

थॉमस पिकेटी या फ्रेंच अर्थेतिहासकाराच्या संशोधनाची चर्चा गेली काही वर्षे मराठी नियतकालिकांतूनही होत आली आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एकविसाव्या शतकातील भांडवलावरील आपल्या ग्रंथात त्यांनी दोनशेहून अधिक वर्षांची कराची व वारसाहक्काची दप्तरे अभ्यासून एक सिद्धान्त मांडला. भांडवलावर मिळणारा परतावा देशाच्या आर्थिक वाढीपेक्षा दीर्घकाळ अधिक राहिला, तर वाडवडिलांची मिळकत कष्टाच्या कमाईवर मात करते आणि विषमता वाढत जाते, असे त्याचे सार सांगता येईल. आकड्यांच्या जोडीला त्यांनी बाल्झाक व जेन ऑस्टिन यांच्या कादंबऱ्याही साक्षीला घेतल्या आहेत.

भारताविषयीचे त्यांचे संशोधन आम्हांस अधिक जवळचे वाटते. लुकास शांसेल यांच्यासह २०१७ साली मांडलेल्या निबंधात त्यांनी १९२२ पासूनची विषमता मोजली. देशाच्या एकूण उत्पन्नात सर्वांत श्रीमंत एक टक्का लोकांचा वाटा १९३० च्या दशकाअखेरीस सुमारे २१ टक्के होता. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी तो सुमारे ६ टक्क्यांवर आला आणि २०१४ पर्यंत पुन्हा २२ टक्क्यांवर गेला. २०२४ सालच्या पुढील अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये तो २२.६ टक्के होता आणि देशाच्या संपत्तीचा ४०.१ टक्के भाग याच वर्गाकडे होता. श्रीमंती वाढली की ती आपोआप खाली झिरपते, हा भाबडा समज या आकड्यांपुढे टिकत नाही. हे या संशोधनाचे मोठे श्रेय होय.

तथापि डहाणू-तलासरीत बसून हा आलेख वाचताना एक उणीव जाणवते. त्याचा मुख्य आधार प्राप्तिकराच्या नोंदी हा आहे आणि शेतीचे उत्पन्न १८८६ पासून या करातून वगळलेले आहे. म्हणजे ज्या सावकार-जमीनदारांच्या हाती येथील जमीन व गवत होते, त्यांच्या शेतीच्या मिळकतीची या दप्तराने दखलच घेतली नाही. वारल्याचे नाव तर त्यात येण्याचा प्रश्नच नव्हता. लग्नासाठी थोडे कर्ज काढून पतीपत्नी दोघेही सावकाराच्या दारी राबत. अशा ‘लग्नगड्या’च्या श्रमाला मोल नव्हते, म्हणून त्याची नोंदही नव्हती. सायमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाअखेरीस सरकारला सादर केलेल्या अहवालात या वेठीचे वर्णन आहे. पण अहवालाने वेठ थांबली नाही.

ती कशी थांबली, हे गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या ग्रंथात सांगितले आहे. १९७० साली प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. मे १९४५ मध्ये आजच्या तलासरी तालुक्यातील झरी गावी हजारो वारली जमले आणि त्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरीची मागणी पुढे आली आणि ऑक्टोबरमध्ये तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचे प्राण गेले. पिकेटींच्या आलेखाची रेषा या घटनेने तसूभरही हलली नसेल. परंतु येथील माणसाच्या जगण्यात तेवढा मोठा बदल दुसऱ्या कशाने झाला?

पिकेटींवर अन्याय होऊ नये म्हणून हेही नमूद करतो की, समतेचा इतिहास सांगणाऱ्या आपल्या २०२१ सालच्या पुस्तकात त्यांनी लोकलढ्यांचे महत्त्व मोकळेपणे मान्य केले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, त्यांनी फ्रान्ससाठी बाल्झाक वाचला, तसे आपण येथे गोदावरीबाईंना वाचले पाहिजे. बाई कम्युनिस्ट होत्या. त्यांची विचारसरणी व आपली श्रद्धा यांत अंतर आहे, हे आम्ही जाणतो. म्हणून काही घरांतून हे पुस्तक दूर ठेवले जाते. ते आम्हांस योग्य वाटत नाही. गरजेपोटी मजुराने अपुरी मजुरी पत्करली तरी तो करार न्याय्य ठरत नाही, असे पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात बजावले होते. लग्नगड्याचा करार नेमका तसाच होता. शेत कापणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीविषयी संत याकोबाने आपल्या पत्रात दिलेला इशाराही आपल्या परिचयाचा आहे.

हा विषय केवळ भूतकाळाचा नाही. ३० ऑगस्ट २०२४ रोजी डहाणूजवळील वाढवण बंदराची पायाभरणी झाली. सुमारे ७६ हजार कोटी रुपयांच्या या प्रकल्पाने जिल्ह्याच्या वाढीचे आकडे उंचावतील यात शंका नाही. त्यातले मच्छीमाराच्या, वारल्याच्या घरी किती पोहोचेल, हे मात्र त्या आकड्यांवरून कळणार नाही. ते आपल्यालाच पाहावे लागेल. आपल्या धर्मग्रामातील अनेक कुटुंबांच्या वाड्यांत आजही आदिवासी मजूर राबतात. आपण त्यांना काय देतो, याचा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्रज्ञाची वाट न पाहता करता येण्याजोगा आहे. अभ्यासमंडळांनी ही दोन्ही पुस्तके येत्या वर्षात एकत्र वाचावीत, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.