कावळा, फांदी आणि गाठ

आज आमच्यासमोर टेबलावर दोन कागद आहेत. एक सोनोग्राफीचा रिपोर्ट आणि दुसरं एक चार पानी पत्रक. दोन्ही आमच्या एका जुन्या विद्यार्थिनीने गेल्या महिन्यात घरी येऊन हातात दिले. तिच्या परवानगीने बोलतोय, नाव अर्थातच सांगणार नाही. आम्हीही डॉक्टर आहोत, पण तत्त्वज्ञानातले. (हशा) म्हणून रिपोर्टवर मत देण्याचा आमचा अधिकार नाही. पत्रकावर मात्र आहे, कारण युक्तिवाद तपासण्यावरच आम्ही जन्मभर पोट भरलं.

पत्रकाचा दावा असा : गर्भाशयातल्या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, 'नैसर्गिक जीवनशैलीने विरघळतात', ऑपरेशन टळतं आणि मातृत्वही लाभतं. त्यासाठी दूध बंद, गहू बंद, सातच्या आत जेवण, पोटावर एरंडेलाची पट्टी, हळद, ग्रीन टी, तासभर चालणं आणि मन शांत ठेवणं. शेवटच्या पानावर एका बाईंचा अनुभव आहे : सहा महिन्यांत ३.४ सेंटिमीटरची गाठ २.९ झाली.

आधी हे शेवटचं पान घेऊ, कारण पत्रकाचं सगळं वजन त्याच्यावर आहे. आपल्याकडे म्हण आहे, कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. आपल्या शास्त्रकारांनी याला काकतालीय न्याय म्हटलं. पथ्य सुरू केलं आणि गाठ लहान झाली, म्हणून पथ्याने लहान झाली, हा तोच कावळा. आणि इथे तर फांदी खरंच मोडली का, हीसुद्धा शंका आहे. मऊ, गोलसर गाठ दोन वेगळ्या दिवशी, दोन वेगळ्या हातांनी मोजली की काही मिलिमीटरचा फरक पडतोच. शिवाय गाठी आपणहूनही लहान होतात. अमेरिकेत ७२ स्त्रियांच्या २६२ गाठी एमआरआयने वारंवार मोजून पाहिल्या होत्या, तो अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. बऱ्याचशा वाढल्या, पण सुमारे ७ टक्के गाठी कुठल्याही उपचाराविना आकसल्या. एकाच बाईच्या पोटातली एक वाढतेय, शेजारची आकसतेय, असंही दिसलं. रजोनिवृत्तीनंतर तर बहुतेक गाठी लहान होतात, कारण त्यांना पोसणारी संप्रेरकं ओसरतात. आता त्या ७ टक्क्यांतल्या बाईने त्याच काळात एरंडेलाची पट्टी बांधली असेल तर ती पुढल्या पत्रकात अनुभव लिहील. उरलेल्यांचे अनुभव कोण छापतं?

पत्रक वारंवार परंपरेचा हवाला देतं, म्हणून परंपरेबद्दल थोडं बोलायला हवं. चरकाने प्रमाणांमध्ये 'युक्ती' नावाचं एक वेगळं प्रमाण मानलंय. त्याचं उदाहरण शेतीचं आहे : पाणी, नांगरट, बी आणि ऋतू यांचा मेळ बसला तर पीक येतं. अनेक कारणं एकत्र तोलायची, एकाच कारणावर भाळायचं नाही. सुश्रुतही गर्भधारणेसाठी ऋतू, क्षेत्र, अंबू आणि बीज अशा चार गोष्टी सांगतो. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीचा विचार विचारत होता, अडचण चौघांपैकी नेमकी कशात आहे? आमच्या पत्रकाला हा प्रश्नच पडत नाही. मूल होत नाही ना, मग गाठच, आणि गाठ असेल तर गहू बंद. नवऱ्याची वीर्यतपासणी हा शब्द चार पानांत एकदाही नाही, हे आम्ही दोनदा वाचून खात्री केली.

आता न्यायाने बोलायचं तर पत्रकातलं सगळंच टाकाऊ नाही. चालावं, हे बरोबर. वजन फार जास्त असेल तर ते थोडं उतरल्याने बीजनिर्मितीचं चक्र पुष्कळदा सुधारतं. तंबाखू आणि मशेरी सोडणं याचा लाभ तर निर्विवाद आहे, पण गंमत पाहा, पत्रकात नेमकी मशेरी नाही. गाठींमुळे पाळीत रक्त फार जातं, त्याने पंडुरोग होतो, तेव्हा जेवणाला लागून चहा पिऊ नये, लोह शोषलं जात नाही, हेही खरं. भाज्या-फळं अधिक खाणाऱ्यांत गाठी कमी आढळतात, ड जीवनसत्त्व कमी असणाऱ्यांत जास्त, असे संबंध अभ्यासांत दिसलेत. पण संबंध म्हणजे कारण नव्हे आणि कारण म्हणजे उपाय नव्हे. ग्रीन टीची गोष्ट तर बोधप्रद आहे. इजिप्तमध्ये २०१३ साली एक छोटी चाचणी प्रसिद्ध झाली. तीसेक स्त्रिया, चार महिने, आणि ज्यांना अर्क दिला त्यांच्या गाठी खरंच लहान झाल्या. तुलनेला दुसरा गट होता, म्हणजे ही चाचणी आमच्या पत्रकापेक्षा कितीतरी प्रामाणिक. पण तो होता रोजचा ८०० मिलिग्रॅम अर्क, कपभर चहा नव्हे. आणि असा तीव्र अर्क घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. 'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हे समीकरण तिथेच मोडतं. धोत्राही नैसर्गिकच की.

आम्हाला खरा राग आहे तो मात्र वेगळ्याच गोष्टीचा. तिसऱ्या पानावर तळाशी बारीक अक्षरांत लिहिलंय, 'फळ न मिळाल्यास पथ्यपालनात त्रुटी समजावी.' हे वाक्य एखाद्या तर्कशास्त्राच्या वर्गात फळ्यावर लिहावं इतकं नमुनेदार आहे. गाठ लहान झाली तर श्रेय पथ्याचं, नाही झाली तर दोष बाईचा. असं विधान कधीच खोटं ठरू शकत नाही. जे खोटं ठरूच शकत नाही ते आपल्याला काहीच सांगत नसतं, पण दुखवू मात्र शकतं. ही मुलगी आमच्या समोर बसून म्हणाली, "सर, मधे बहिणीचं लग्न होतं, तेव्हा आठ दिवस पुरी-श्रीखंड खाल्लं. तेच नडलं असेल का?" एम.ए.ला हेत्वाभास आमच्याकडूनच शिकलेली मुलगी! आम्हाला काही वेळ बोलताच आलं नाही.

ती असं का करते, हे नुसतं अंधश्रद्धा म्हणून सोडवता येत नाही. तिची आई बीडकडची. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण तुम्हाला आठवत असेल. २०१९ साली सरकारी समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पुष्कळ जणी पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या. 'कॅन्सर होईल' ही भीती घालून ऑपरेशनं केल्याच्या तक्रारी होत्या. वास्तविक फायब्रॉइड ही कर्करोगाची गाठ नव्हे आणि त्रास न देणाऱ्या गाठीला पुष्कळदा नुसतं पाहत राहणं पुरतं. हे ज्या घरात माहीत आहे, तिथली मुलगी शस्त्रक्रिया हा शब्द ऐकून पत्रकाकडे वळली तर तिला हसायचा आपल्याला काय हक्क? पत्रकाचं गिऱ्हाईक त्या ऑपरेशनांनी तयार केलंय.

पण दोन्हीकडे एकच प्रश्न गाळला गेला. गाठ आहे कुठे? गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगाला असेल तर मूल होण्यात ती सहसा आड येत नाही. भिंतीत असेल तर डॉक्टरांतही मतभेद आहेत. आतल्या पोकळीत डोकावत असेल तर गर्भ रुजायला अडथळा होतो, आणि ती पुष्कळदा पोट न उघडता, पिशवी न काढता, दुर्बिणीने खालच्या मार्गाने काढता येते. या मुलीच्या रिपोर्टात पोकळीत डोकावणारी गाठ, असं स्पष्ट लिहिलंय. पहिल्या रिपोर्टातही होतं, ती ३४ वर्षांची असताना. आता ती ३७ ची आहे. हिमोग्लोबिन ७.८. पस्तिशीनंतर बीजांची संख्या आणि प्रत दोन्ही झपाट्याने घटतात, तेव्हा तीन वर्षं गव्हाशिवाय काढणं हे 'काही न करणं' नव्हतं. त्याची किंमत नेमकी किती, ते कुणीच सांगू शकणार नाही. पत्रक छापणाऱ्याला ते सांगावंही लागत नाही.

पुढच्या आठवड्यात तिची दुर्बिणीची तारीख आहे. लोहाची इंजेक्शनं चालू आहेत. चालायला ती रोज जातेच, आम्हीही म्हटलं, ते सोडू नकोस. गहू मात्र त्याच संध्याकाळी आमच्याकडे सुरू झाला. हिने पोळ्या केल्या होत्या.

बरं, आता प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतल्या ताई, तुमचा हात मघापासून वर आहे.