माणूस चांगला की वाईट? हॉब्ज, लॉक, रूसो आणि आपलं प्राधिकरण

सेट-नेटची तयारी करणाऱ्या प्रत्येकाच्या वहीत एक तक्ता असतो. हॉब्ज : माणूस स्वार्थी, म्हणून निरंकुश सत्ता. लॉक : माणूस विवेकी, म्हणून मर्यादित सरकार. रूसो : माणूस निष्पाप, म्हणून लोकांचं सार्वभौमत्व. परीक्षेतल्या एका प्रश्नाला हा तक्ता पुरतो. संशोधनाला पुरत नाही, कारण तो थोडा चुकीचाच आहे.

हॉब्जच्या 'लेव्हायथन'मध्ये (१६५१) भांडणाचं एक मोठं मूळ समानतेत आहे. दुबळाही डाव रचून बलवानाला मारू शकतो, म्हणून सगळ्यांना सगळ्यांची भीती. लॉकच्या निसर्गावस्थेतही तंटे होतात. तिथे निःपक्ष न्यायाधीश नसतो, एवढंच. रूसोचा आदिमानव तर सद्गुणीही नाही आणि दुर्गुणीही नाही. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला निसर्गावस्था आदर्श वायूसारखी वाटते. तसा वायू कुठल्याच सिलिंडरमध्ये सापडत नाही. तो गृहीत धरला की हिशेब मांडता येतो.

म्हणून स्वभावापेक्षा वेगळा प्रश्न विचारू : सरकार येण्याआधी माणसाजवळ कोणता हक्क होता?

निगडीतच तपासून बघा. पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण १९७२ साली स्थापन झालं. औद्योगिक पट्ट्यातल्या कामगारांना परवडणारी घरं मिळावीत, हा उद्देश. त्यासाठी निगडी, आकुर्डी, वाल्हेकरवाडी अशा गावांतल्या शेतजमिनी संपादित झाल्या आणि भूखंड ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्या, ही मूळ शेतकऱ्यांची मागणी पुढे कित्येक वर्षं चालली.

हॉब्जच्या हिशेबात या मागणीला आधारच नाही. मालकी सार्वभौमामुळेच निर्माण होते, आणि तो करारातला पक्षच नसल्यामुळे त्याच्याकडून करारभंगही होत नाही. लॉक शेतकऱ्याच्या बाजूने उभा राहतो : कष्टाने जमीन कसली, हक्क सरकारच्या आधीचा. रूसो म्हणेल, जमिनीवर समाजाचा हक्क वरचढ. पण 'जनरल विल'चा कायदा सगळ्यांवर सारखा लागला पाहिजे. शहर सगळ्यांचं आणि जमीन मात्र मोजक्या गावांची, हे त्याच्या कसोटीवर उतरतं का?

लॉकला मात्र एवढ्यावर सोडू नका. त्याच्याकडे संमती म्हणजे शेवटी बहुमताची संमती. शिवाय देशातल्या रस्त्यावरून नुसता प्रवास केला तरी तो मूक संमती धरतो. म्हणजे मुंबई-पुणे महामार्गावरून निगडीला आलेला प्रत्येक जण सही करूनच आला! संमती इतकी स्वस्त केली, तर मर्यादित सरकारची मर्यादा कुठे राहते?

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, सार्वजनिक-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के. सरकार स्वतःसाठी घेत असेल तर ही अट नाही. एकाच कायद्यात लॉकही आहे आणि हॉब्जही. १८९४ च्या कायद्यापेक्षा हे पाऊल पुढचं, पण अर्धं.

प्रस्ताव लिहिताना तक्ता बाजूला ठेवा. एक खरा तंटा घ्या आणि तिघांना विचारा : तक्रार करणाऱ्याला उभं राहायला तुमच्या सिद्धांतात जागा आहे का? माझ्या मते तिघांतला खरा फरक तिथे दिसतो.